दोन कुलपांचं दार

मामासालीनं सव्वीस वर्षं कोक-बुलाकच्या पाटाची पाणपाळी सांभाळली. एवढ्या वर्षांत गावानं त्याला कधी मानाची टोपी घातली नाही, की लग्नाच्या जेवणात वरच्या बाजूला बसवलं नाही. पाटकरी म्हणजे गुडघ्यापर्यंत चिखल, खांद्यावर फावडं आणि दोन्हीकडच्या शिव्या. त्याची बायको अनारकान म्हणायची, "तुमचे पाय मी लग्नात पाहिले ते शेवटचे. त्यानंतर नुसता चिखल बघतेय."

नदी डोंगरातून बाहेर पडते तिथं लोखंडी दार होतं. चाक फिरवून दार उचललं की पाणी पाटात वळायचं. आधी कोक-बुलाकच्या बटाट्यांना आणि गवताला, मग हद्द ओलांडून खाली नवाबादच्या जर्दाळूंना. दार पाडलं की पाणी पात्रातून सरळ पुढं जाऊन गोट्यांच्या माळावर जिरायचं, कुणाच्याच उपयोगाचं नाही. वर कोक-बुलाकमध्ये किर्गिझ, खाली नवाबादमध्ये ताजिक. सोव्हिएत काळात ही हद्द शाळेच्या भिंतीवरच्या नकाशात तेवढी दिसायची. आता तिच्या दोन्ही अंगांना दोन देश उभे होते, आणि दार नेमकं अशा जागी होतं की दोन्ही देशांच्या नकाशांत ते आपापल्या बाजूला दाखवलेलं.

नवाबादचा पाटकरी होजीमुरोद. डोंगरावरचं बर्फ फुटायला लागलं की एका सकाळी हे दोघं दाराच्या ओट्यावर बसत. होजीमुरोद घरच्या तंदूरची रोटी आणि सुकवलेले जर्दाळू आणायचा, मामासाली खारट दह्याचे वाळवलेले गोळे आणायचा, आणि चहाची किटली संपेपर्यंत वर्षाची पाणपाळी ठरून जायची. चार दिवस वर, तीन दिवस खाली. पण खरी वाटणी त्यानंतर सुरू व्हायची. जूनमध्ये जर्दाळू भरत असताना खाली तहान लागली, की मामासाली आपल्यातला एखादा दिवस गुपचूप सोडून द्यायचा. ऑगस्टमध्ये वरचे बटाटे पोसायला लागले, की होजीमुरोद तो दिवस तसाच गुपचूप परत करायचा. गावात कुणी विचारलंच तर दोघांचं उत्तर एकच, "यंदा बर्फ कमी."

"तुझी माणसं एवढी कशी रे भोळी?" होजीमुरोद विचारायचा. "बर्फाकडं मान वर करून बघतसुद्धा नाहीत?"

"बघतात. पण बघून कळायला ती काय पाटकरी आहेत?"

होजीमुरोद शिव्या किर्गिझमध्ये द्यायचा आणि नमाजानंतरची दुआ ताजिकमध्ये मागायचा. मामासालीचं बरोबर उलट होतं. त्यामुळं कधी भांडण झालंच, तर दोघंही आपल्याला येणाऱ्या पण परक्या भाषेत भांडायचे आणि मध्येच शब्द अडला की हसायचे.

मग राजधानीहून बेगायम आली. तिशीतली, उन्हानं नाक सोललेली, स्वतः गाडी चालवत आलेली बाई. शेजारी देशांनी मिळून पाणी वापरावं यासाठी कुठलीशी मोठी योजना निघाली होती, आणि तिला नमुना म्हणून दाखवता येईल असा एक पाट हवा होता. गावोगाव भांडणंच ऐकून ती कंटाळली होती. इथं सव्वीस वर्षांत एकही डोकं फुटलं नाही हे ऐकून तिचा विश्वासच बसेना.

"आका," थोरल्या भावाला म्हणावं तसं ती म्हणाली, "हे तुम्ही कसं जमवलंत?"

असं मामासालीला जन्मात कुणी विचारलं नव्हतं. त्यानं तीन दुपारी अंगणातल्या लाकडी बैठकीवर बसून तिला सगळं सांगितलं. कुठल्या वर्षी किती दिवस सोडले, का सोडले, कसे परत आले. वह्या नव्हत्या, पण सगळं तोंडपाठ होतं. बेगायम लिहीत गेली. मध्येच लिहायची थांबून ती नुसतीच त्याच्याकडं बघायची. त्या गुपचूप दिल्या-घेतल्या दिवसांबद्दल बोलताना मामासालीचा आवाज चढला. आपल्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम तेच, असं त्याला मनापासून वाटत होतं.

अनारकान पडद्याआडून ऐकत होती. बेगायम गेल्यावर म्हणाली, "एवढं सगळं ओकायची काय गरज होती?"

"मी एकसष्टचा झालो. उद्या मी गेलो की दारावर कोण येईल? कागदावर असलं तर टिकेल."

हे काही तोंडदेखलं नव्हतं. नवीन पोरं शहरात नाहीतर रशियात. त्यांना ना खालच्यांची भाषा येत होती ना खालच्यांची नावं. आपल्या माघारी पहिल्याच कोरड्या जूनला फावडी उठतील, याची त्याला खरोखर धास्ती होती. पण टोपीचाही थोडा मोह होता. नव्हता म्हणणं खोटं ठरेल.

होजीमुरोद मात्र तयार नव्हता. "पाण्याला कागद कशाला? कागद पाण्यात गेला तर काय होतं, माहितीय ना तुला?"

"आपण मेल्यावर काय?"

"आपण मेल्यावर ते बघून घेतील. तुला काय कबरीत तहान लागणार आहे?"

महिनाभर मामासाली त्याच्या मागं लागला. शेवटी होजीमुरोदनं चहाचा पियाला खाली ठेवला. "तू म्हणतोस म्हणून सांगतो, जूरा." जूरा म्हणजे दोस्त. "फक्त तू म्हणतोस म्हणून." आणि त्यानंही बेगायमला त्याच्या बाजूचं सगळं सांगितलं.

पुढच्या वसंतात उद्घाटन झालं. दोन्हीकडून उपमंत्री आले, दाराला निळा रंग लागला, चाकाला विजेची मोटर बसली आणि मोटरच्या पेटीवर दोन कुलपं. एक किल्ली या देशाची, एक त्या देशाची. दोन्ही लागल्याशिवाय दार तसूभर हलणार नाही. संयुक्त समिती नेमली, तिचं नियमांचं पुस्तक निघालं. मामासालीला मानाची टोपी, पांढरी कल्पाक मिळाली, होजीमुरोदला भरतकामाचा लांब चोगा मिळाला. टाळ्यांच्या गजरात होजीमुरोद त्याच्या कानाशी लागून म्हणाला, "आतापर्यंत आपण नवराबायकोसारखे नांदत होतो. आज आपल्याला वकील लावून दिले."

मामासाली मोठ्यांदा हसला. त्या दिवशीच्या सगळ्या फोटोंत तो हसताना दिसतो.

दोन महिन्यांनी बेगायमचं पुस्तक छापून आलं. गुळगुळीत कागद, चार भाषा, मधोमध दोघांचा फोटो. गावप्रमुख ऑर्मोनबेकनं ते शाळेच्या हॉलमध्ये सगळ्यांसमोर वाचायला घेतलं. निवडणूक तोंडावर होती आणि त्याला पाटावर काहीतरी बोलायचंच होतं.

"कोक-बुलाकच्या पाटकऱ्यानं," तो सावकाश, एकेक शब्द चघळत वाचू लागला, "सव्वीस वर्षांत आपल्या गावाच्या पाळीतले एकूण एकोणसाठ दिवस खालच्या गावाला दिले." त्यानं पुस्तक मिटलं. "मामासाली-आका, हे खरं आहे?"

"खरं आहे. पण ऑगस्टमध्ये ते परत—"

"हे दिवस तुमच्या बापाचे होते?"

मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "माझे बटाटे त्या साली जळाले! म्हणे बर्फ कमी!"

"त्या साली बर्फ खरंच कमी होतं!" मामासाली उठून उभा राहिला. "आणि दिवस परत आले. पुढचं प्रकरण वाचा. नवाबादचं. त्यात लिहिलंय."

"नवाबादचं नवाबादवाल्यांनी वाचावं," ऑर्मोनबेक म्हणाला, आणि हॉल हसला.

नवाबादवाल्यांनी वाचलं नाही असं नाही. त्यांनीही शाळेच्याच हॉलमध्ये वाचलं, आणि एकच प्रकरण वाचलं: होजीमुरोदनं ऑगस्टमध्ये किर्गिझांना किती दिवस बहाल केले ते. त्याच आठवड्यात दोघांचीही कामं गेली. किल्ल्या आपापल्या तालुक्याच्या इंजिनिअरांकडं गेल्या. मामासाली घरी आला आणि त्यानं कल्पाक खुंटीला लावली. अनारकाननं चहा ओतला आणि पियाला नेहमीपेक्षा जरा जास्त भरला.

पाहुण्याला लवकर घालवायचं असलं की तिकडं पियाला काठोकाठ भरतात. घरच्या माणसाला भरला तर त्याचा अर्थ काय घ्यायचा, ते मामासालीला ठरवता आलं नाही. त्यानं मुकाट पिऊन टाकला.

त्यानंतरचा जून. महिन्याच्या सुरुवातीला गाळ काढायला दार एक दिवस पाडायची पद्धत होती, तसं ते पाडलं. त्याच दुपारी तिथून ऐंशी किलोमीटरवर, भलत्याच खोऱ्यात, मेंढ्या चारण्यावरून दोन्हीकडच्या माणसांत दगडफेक झाली. संध्याकाळपर्यंत सगळी हद्द बंद. दार उघडायला समितीची बैठक हवी, बैठकीला दोन्ही बाजू जागेवर प्रत्यक्ष हजर हव्यात, आणि हद्द ओलांडायला कुणालाच परवानगी नाही. दार पडलेलंच राहिलं. संयुक्त मालमत्तेच्या रक्षणासाठी दोन्ही देशांनी आपापल्या काठावर शिपाई आणून बसवले.

नदी मात्र भरून वाहत होती. त्या साली बर्फ भरपूर पडलं होतं. निळ्या दाराच्या पुढून पाणी धो धो जायचं आणि गोट्यांच्या माळावर जिरायचं. कोक-बुलाकची माणसं रोज टेकाडावर जाऊन ते बघायची. सहाव्या दिवशी ऑर्मोनबेकच्या तोंडचंही पाणी पळालं.

मामासाली तालुक्याला गेला. इंजिनिअर उलानबेक चांगला माणूस होता. उठून उभा राहिला, खुर्ची दिली.

"आका, माझी किल्ली ही बघा, या खणात. त्यांची त्यांच्या खणात. एकानं काय होतंय?"

"फोन कर की त्याला."

"केला. तोही हेच म्हणतो. दोघं रोज बोलतो आम्ही." उलानबेकनं नियमांचं पुस्तक उघडून त्याच्यापुढं सरकवलं. "हे चौदावं कलम. एकट्यानं दार हलवलं तर तो दुसऱ्या देशाच्या हक्काचा भंग."

"मग गावानं वाफ्यात काय चौदावं कलम सोडायचं?"

उलानबेकनं पुस्तक मिटून घेतलं. "मी वर लिहिलंय."

बेगायमनंही वर लिहिलं होतं. ती रोज फोन करायची. एकदा फोनवर रडली. मामासालीलाच तिची समजूत घालावी लागली.

नवव्या दिवशी सकाळी तो दारावर गेला. खांद्यावर पहार होती. ती का घेतली हे त्यानं अनारकानला सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही. पलीकडच्या काठावर होजीमुरोद आधीच उभा होता. वर्षभरात दोघांची ही पहिली भेट, आणि मध्ये पंधरा पावलांचं गर्जणारं पाणी. होजीमुरोदच्या मागं त्यांचा शिपाई, मामासालीच्या पुढं यांचा.

"कसा आहेस?" मामासाली ओरडला.

"फळ गळायला लागलंय! बोराएवढं होऊन गळतंय!"

"आमचे बटाटेही—"

"बटाटे पुढच्या साली लावशील! माझी झाडं बापानं लावलेली आहेत!" होजीमुरोद काठाच्या अगदी टोकाशी आला. "चाक तुझ्या बाजूला आहे! पहार आणलीयस ना? मग फोड!"

पेटी मामासालीपासून दहा पावलांवर होती. दोन कुलपं, दोन्ही हाताच्या पंज्याएवढी. ती फोडायला कितीसा वेळ लागला असता? मोटर बाजूला केली की चाक हातानं फिरत होतं. ते त्यानं हजार वेळा फिरवलं होतं.

तो पाच पावलं पुढं गेला. शिपाई आडवा आला. उत्तरेकडचा, थंड प्रदेशातला गडी; उन्हानं त्याचे ओठ फुटले होते.

"आका, मागं व्हा."

"बाळा, पाणी बघतोयस ना तू?"

"नऊ दिवस बघतोय. मी गाढव नाही. पण हुकूम आहे. तुम्ही हात लावलात तर मला गोळी झाडावी लागेल. मी झाडली की पलीकडून येईल. मग काय होईल ते तुम्ही सांगा." त्यानं फुटके ओठ जिभेनं ओले केले. "मला ते करायला लावू नका. पाया पडतो."

पलीकडून होजीमुरोद ओरडत होता, "काय म्हणतोय तो? ऐकू नकोस त्याचं! फोड, जूरा!"

मामासाली उभा राहिला. मग त्यानं पहार खांद्यावर टाकली आणि वळला. पाठीमागं होजीमुरोदची हाक आली. पहिल्यांदा किर्गिझमध्ये, मग ताजिकमध्ये, मग नुसताच आवाज. मामासालीनं मागं पाहिलं नाही.

तेविसाव्या दिवशी राजधान्यांतून सह्या होऊन आल्या आणि दार उघडलं. कोक-बुलाकचे बटाटे अर्धेमुर्धे हाती लागले. नवाबादच्या वरच्या ओळीतले जर्दाळू आधी फळ टाकून बसले, मग पानं. होजीमुरोदची बेचाळीस झाडं वाळली हे मामासालीला पलीकडून फिरून आलेल्या ट्रकवाल्यानं सांगितलं.

शरदात अल्माटीहून बोलावणं आलं. शेजारी देशांच्या सहकार्यावर मोठी परिषद होती, आणि दोन गावच्या दोन पाटकऱ्यांनी तिथं यावं अशी सगळ्यांची इच्छा होती.

"मी काम सोडतेय, आका," बेगायम फोनवर म्हणाली. "हे शेवटचं. या, आणि जे खरं आहे ते सांगा. कुणीतरी सांगायला हवं."

तो गेला. होजीमुरोदही आला. एका गावातून दुसऱ्या गावचे कोंबडे ऐकू येतात, आणि या दोघांना भेटायला दोन बस, एक विमान आणि तिसरा देश लागला. हॉटेलच्या दिवाणखान्यात होजीमुरोद बक्षिसाचा चोगा घालून बसला होता. अंगात एवढा सैल, की माणूस आत हरवल्यासारखा. मामासालीनं सलाम केला. त्यानं छातीवर हात ठेवून उत्तर दिलं, परक्याला द्यावं तसं, आणि तब्येत, रस्ता, हवा विचारली. त्यापुढं विचारलं नाही.

सभागृहात पडद्यावर अहवाल दाखवला. त्या पाटावर सरलेल्या वर्षात आलेल्या तक्रारी: शून्य. मामासालीनं शेजारच्या बेगायमकडं पाहिलं.

ती हळूच म्हणाली, "तक्रार समितीच्या बैठकीतच नोंदवता येते. बैठक झालीच नाही."

त्याचं नाव पुकारलं. हातात त्यांनी लिहून दिलेला कागद होता. तो त्यानं घडी करून खिशात घातला.

"दार तेवीस दिवस बंद होतं," तो म्हणाला. "नदीत पाणी होतं. ते आमच्या डोळ्यांदेखत वाया गेलं. आम्ही दोघं असतो तर पहिल्याच दिवशी उघडलं असतं, एका पियाल्याच्या आत. तुम्ही आमचं काम चांगलं म्हणालात आणि आमच्याकडून काढून घेतलंत. आमच्या गावांनी आम्हाला चोर ठरवलं. हे मीच केलं. मीच याला गळ घातली होती." त्यानं होजीमुरोदकडं हात केला. "हा नको म्हणत होता."

दुभाषे बोलून थांबले. मग अध्यक्षांनी माईक ओढला. तळमळीच्या शब्दांबद्दल त्यांनी आभार मानले. या अनुभवातून धडा स्पष्ट आहे, ते म्हणाले: दोन बाजूंत पेच पडू शकतो, म्हणून तिसरी किल्ली सर्व देशांच्या सामायिक कार्यालयात ठेवावी. म्हणजे आता तीन कुलपं. ठराव टाळ्यांनी मंजूर झाला. टाळ्या मामासालीकडं बघून वाजवल्या, त्यामुळं त्याला मान तुकवावी लागली.

मग फोटो. दोघांना समोरासमोर उभं करून हात मिळवायला सांगितलं. होजीमुरोदनं हात दिला. कॅमेऱ्याकडं बघत, दात दाखवत तो ताजिकमध्ये म्हणाला, "मी झाडं तोडली. हिवाळ्याचं सरपण झालं."

"त्यानं गोळी घातली असती रे," मामासालीही समोरच बघत म्हणाला.

"कदाचित."

"मग मी काय करायला हवं होतं?"

"तेच. परतच जायला हवं होतं. मी तुझ्या जागी असतो तर मीही परत गेलो असतो." फोटोवाला अजून एक, अजून एक म्हणत होता. "पण मी तुझ्या जागी नव्हतो. मी पलीकडं होतो आणि तुझी पाठ बघत होतो."

"शिव्या तरी दे."

"कशाला? ज्याच्याकडून अजून काही हवं असतं त्याला माणूस शिव्या देतो." त्यानं हात सोडवून घेतला.

जेवणाला होजीमुरोद आला नाही. बेगायमनं चौकशी केली तेव्हा कळलं, तो दुपारीच विमानतळावर जाऊन बसला. त्याचं विमान दुसऱ्या दिवशी सकाळचं होतं.

हिवाळ्यात त्यानं घर विकलं आणि तो रशियात, येकातेरिनबर्गला मुलीकडं गेला. ट्रकवाल्यानंच सांगितलं. "काही निरोप?" मामासालीनं विचारलं. ट्रकवाला आठवल्यासारखं करून म्हणाला, "नाही, आका. तुमचं नाव निघालं नाही."

वसंतात तिसरं कुलूप आलं. दार त्यानंतर नियमानं उघडतं आणि नियमानं पडतं. एक दिवसही कुणी कुणाला जास्त देत नाही. मामासालीच्या शेताची पाळी मंगळवारी असते, एक तास दहा मिनिटं. तो फावडं घेऊन बांधावर उभा राहतो, एकेक वाफा भरून घेतो. वेळ संपली की पाणी आपसूक तुटतं. कधी शेवटचा वाफा अर्धा राहतो. नव्या पाटकऱ्याला सांगून दोन मिनिटं मागता येतील, असं अनारकान एकदा म्हणाली.

"कुणाच्या पाळीतली दोन मिनिटं?" त्यानं विचारलं.

आणि तो कोरड्या वाफ्याची माती फावड्यानं सारखी करत राहिला.